योजनेचे नाव नीट वाचा, मगच रुग्णालयाची पायरी चढा

रुग्णाला दाखल करण्याच्या दिवशी नातेवाईक एखादे कार्ड पुढे करतात, काउंटरवरचा माणूस “हे इथे चालत नाही” असे म्हणतो आणि पुढचे दोन दिवस झेरॉक्सच्या दुकानात जातात. बहुतेक वेळा रुग्ण खरोखरच कोणत्या ना कोणत्या योजनेत बसत असतो. चूक एवढीच होते, की योजनेचे नाव, त्या योजनेचे कार्ड आणि तिचे पैसे देणारी यंत्रणा या तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. पुढील टप्पे महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी आहेत आणि ते याच क्रमाने करावेत. घाईत कोणताही टप्पा ओलांडला, तर त्याची किंमत पुढच्या टप्प्यावर मोजावी लागते.

टप्पा १ : कागद एकत्र करा आणि नावे जुळवा

शिधापत्रिकेची सर्व पाने, कुटुंबातील प्रत्येकाचे आधार कार्ड, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि घरात आजवर आलेली “आरोग्याची” सगळी कार्डे एका फाइलमध्ये ठेवा. नोकरदार व्यक्तीची ताजी वेतनचिठ्ठीही त्यात असू द्या. तिचा उपयोग पाचव्या टप्प्यात होईल.

आता शिधापत्रिका आणि आधार शेजारी ठेवून प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर वाचा. एकीकडे “सुमन” आणि दुसरीकडे “सुमनबाई”, एकीकडे माहेरचे आडनाव आणि दुसरीकडे सासरचे, किंवा एकीकडे जन्माचे फक्त वर्ष आणि दुसरीकडे वेगळेच वर्ष, असे फरक घरात कोणाला खटकत नाहीत, पण संगणकाला खटकतात आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची ऑनलाइन प्रक्रिया, तिथेच अडकते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झालेले नसते आणि सासरच्या पत्रिकेवर चढलेले नसते, हा प्रकार तर इतका सर्रास आढळतो की बाळंतपणाची वेळ येण्याआधी तो मिटवणे हे एक स्वतंत्र कामच समजावे. नवजात बाळाचे नाव पत्रिकेवर नसेल, तर जन्माचा दाखला आणि आईवडिलांचे कागद सोबत ठेवा.

शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक शोधून वेगळ्या कागदावर लिहून घ्या. जुन्या पुस्तिकांवर छापलेला क्रमांक वेगळा असतो आणि हा बारा अंकी क्रमांक पुष्कळदा दुकानदाराने आतल्या पानावर हाताने लिहिलेला असतो.

*सावधान :* रुग्ण दाखल झाल्यावर शिधापत्रिकेत नाव चढवण्याची धावपळ करण्यापेक्षा आजच तहसील कार्यालयात अर्ज दिलेला बरा. “रुग्णालयातून करून देतात” या सांगण्यावर विसंबू नका.

टप्पा २ : हातातले कार्ड नेमके कशाचे आहे ते ओळखा

माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी बँकेच्या प्लास्टिकच्या पिशवीतून चार कार्डे काढून टेबलावर मांडली. चारही लॅमिनेट केलेली होती आणि चारही त्यांच्या मते “पाच लाखांची”, म्हणजे तेवढ्या रकमेपर्यंत मोफत उपचार देणारी, होती. त्यांतील एक आभा कार्ड होते, एक असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम कार्ड, एक ज्येष्ठ नागरिकाचे ओळखपत्र आणि एक दहा वर्षांपूर्वीच्या योजनेचे. पाच लाखांचे त्यांतले एकही नव्हते. ते ज्या आयुष्मान वय वंदना कार्डाला पात्र होते, ते त्यांनी कधी काढलेलेच नव्हते.

सर्वांत मोठा घोळ “आयुष्मान” या शब्दाचा आहे. केंद्र सरकारने हा शब्द निरनिराळ्या गोष्टींना दिला आहे आणि त्यांपैकी सगळ्याच विमा नाहीत.

आयुष्मान कार्ड हे आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे लाभार्थी कार्ड आहे. त्यावर छायाचित्र, क्यूआर कोड आणि योजनेचा ओळख क्रमांक असतो. महाराष्ट्रात दिल्या जाणाऱ्या कार्डांवर केंद्राच्या योजनेसोबत राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचेही नाव छापलेले आढळते.

आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) कार्ड हे डिजिटल आरोग्य खात्याचे कार्ड आहे. त्यावरचा क्रमांक चौदा अंकी असतो आणि दोन-चार-चार-चार अशा गटांत छापलेला असतो. तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका ठिकाणी जोडून ठेवणे एवढाच त्याचा उपयोग. आभा कोणालाही काढता येते, त्यामुळे ते हाती असणे हा कोणत्याही योजनेत पात्र असल्याचा पुरावा नाही.

आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणजे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे नवे नाव. तिथे प्राथमिक तपासणी आणि औषधे मिळतात. शस्त्रक्रियेचा खर्च देणारी ती योजना नाही.

आयुष्मान वय वंदना हे ७० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींचे स्वतंत्र कार्ड आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ते सुरू झाले आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आजोबांना हेच कार्ड हवे होते.

*पडताळणी :* कार्डावर फक्त चौदा अंकी आभा क्रमांक असेल आणि योजनेचे नाव नसेल, तर ते कार्ड बाजूला ठेवा. त्याच्या जोरावर खाट मिळणार नाही.

टप्पा ३ : नावाचे तुकडे पाडा

सरकारी योजनेचे नाव लांबलचक असते, पण ते उगाच लांब नसते. शासन निर्णयातील पूर्ण नाव घेऊन त्याचे तीन तुकडे करावेत : आरंभीचा मान, मधला विषय आणि शेवटचा कायदेशीर शब्द. लोक पहिल्या तुकड्यावर थांबतात, कामाचा तुकडा मात्र शेवटचा असतो.

आरंभीच्या मानावरून योजना कोणाची याचा अंदाज येतो. “प्रधानमंत्री” असेल तर ती केंद्राची, “मुख्यमंत्री” असेल तर राज्याची आणि महापुरुषाचे किंवा दिवंगत नेत्याचे नाव असेल तर दोन्ही शक्यता. हा तुकडा सर्वांत अस्थिर असतो, कारण सरकार बदलले की तोच बदलतो. महाराष्ट्रातील राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. गावाकडे आजही “हे ऑपरेशन राजीव गांधीत बसतं का?” असे विचारतात, आणि नाव बदलल्यावरही कित्येक वर्षे संकेतस्थळाच्या पत्त्यात “जीवनदायी” हाच शब्द राहिला होता. जोतिराव, ज्योतिराव, ज्योतिबा अशी नावाची तीन रूपे कागदोपत्री दिसतात, पण योजना एकच आहे. त्यावरून वेगवेगळे अर्ज करण्याचे कारण नाही.

मधला विषय काळजीने वाचावा, कारण “आरोग्य”, “अपघात”, “जीवन” आणि “सुरक्षा” हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपये कापले जातात आणि मृत्यूनंतर वारसाला दोन लाख मिळतात. रुग्णालयाचे बिल या दोहोंपैकी कोणतीच भरत नाही. “बँकेतून विमा कापला जातो” म्हणून घरात आरोग्य विमा आहे, असे समजणारी कुटुंबे मी अनेक पाहिली आहेत. कापलेल्या रकमेपुढे पासबुकात काय छापले आहे, ते एकदा वाचले की हा गैरसमज तिथल्या तिथे संपतो.

“योजना” हा शब्द सोडला, तर उरलेला शेवटचा शब्द मात्र यंत्रणा सांगतो. “विमा” असेल तर हप्ता घेणारी विमा कंपनी मध्ये असण्याची शक्यता असते. “हमी” असेल तर खर्चाची जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतलेली असते. “साहाय्य”, “अनुदान” किंवा “निधी” असेल तर तो अर्जावर मंजूर होणारा पैसा असतो, तो हक्काचा उपचार नसतो. “अभियान” किंवा “कार्यक्रम” असेल तर तपासणी आणि सेवा मिळते, संरक्षण रक्कम नसते. एक नमुना पाहण्यासारखा आहे. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना पूर्वी विमा कंपनीमार्फत चालत असे. २०२३ मध्ये कंपनी मधून काढली गेली आणि योजनेचे नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असे झाले. नाव घेताना जीभ अडखळते, हे खरे. पण “विमा” जाऊन “सानुग्रह अनुदान” आले, याचा अर्थ दावा आता कंपनीकडे पाठवायचा नसून कृषी खात्याच्या वाटेने तालुक्याकडे जायचा आहे, एवढी माहिती त्या दोन शब्दांत आहे.

*सावधान :* सरकार वापरत असलेल्या शब्दांना अपवादही असतात. नावावरून अंदाज बांधा, निर्णय पुढचा टप्पा पूर्ण झाल्यावरच घ्या.

टप्पा ४ : योजनेमागे कोण उभे आहे ते शोधा

प्रत्येक योजनेबाबत चार प्रश्न विचारावेत : नियम कोण करतो, पैसे कोण देतो, मान्यता कोण देतो आणि रुग्णालयात भेटायचे कोणाला? या चारांची उत्तरे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे नियम दिल्लीतील राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण करते, तर महाराष्ट्रात ती राज्य आरोग्य हमी सोसायटीमार्फत राबवली जाते. महात्मा फुले योजनाही हीच सोसायटी पाहते. १ एप्रिल २०२० पासून या दोन्ही योजना राज्यात एकत्रित चालतात. रुग्णालयाच्या फलकावर दोन नावे आणि आत एकच टेबल दिसते, त्याचे कारण हेच आहे. राज्याने सर्व कुटुंबांसाठी प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण करण्याचा शासन निर्णय २८ जुलै २०२३ रोजी काढला आणि १ जुलै २०२४ पासून सुधारित योजना प्रत्यक्ष सुरू झाली. त्याआधी फुले योजनेची मर्यादा दीड लाखाची होती. म्हणून जुन्या पत्रकात दीड लाख दिसले, तर ते पत्रक बाजूला ठेवावे.

देशभर अशा योजना तीन पद्धतींनी चालतात. विमा पद्धतीत सरकार प्रत्येक कुटुंबामागे कंपनीला हप्ता भरते आणि रुग्णालयाचा दावा कंपनी तपासून चुकता करते. हमी पद्धतीत सरकारी सोसायटी किंवा न्यास रुग्णालयाला थेट पैसे देतो. मिश्र पद्धतीत ठरावीक रकमेपर्यंत कंपनी आणि त्यापुढे सोसायटी अशी वाटणी असते. रुग्णाच्या दृष्टीने तिन्हींत उपचार विनारोखच मिळतात, त्यामुळे “कंपनीने पैसे दिले नाहीत, तुम्ही आधी भरा” असे कोणी सांगितले, तर तो रुग्णालय आणि कंपनी यांच्यातला हिशेब आहे, तुमचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

योजना एकत्र झाल्या तरी आपले कुटुंब केंद्राच्या यादीत आहे की फक्त राज्याच्या, हा फरक एका ठिकाणी फार महत्त्वाचा ठरतो : राज्याबाहेर. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभार्थी ती योजना लागू असलेल्या दुसऱ्या राज्यातही अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात उपचार घेऊ शकतो. फक्त फुले योजनेखाली येणाऱ्या कुटुंबाने मात्र परराज्यातल्या रुग्णालयात थेट जाऊन हक्क सांगितला, तर तो मान्य होईल असे गृहीत धरू नये. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड यांसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यांतील लोकांनी निघण्यापूर्वी फोन करून हे विचारून घ्यावे. प्रत्येक राज्याचे नाव वेगळे असते, हेही विसरू नये. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तेलंगणात आरोग्यश्री आहे, आणि त्या त्या योजनांचे हक्कदार तिथले रहिवासी आहेत.

*पडताळणी :* चार प्रश्नांची चार उत्तरे कागदावर लिहिली आहेत का? “सरकार” हे उत्तर ग्राह्य नाही. संस्थेचे नाव हवे.

टप्पा ५ : आपले कुटुंब कोणत्या वाटेने आत येते ते ठरवा

केंद्राच्या योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवर आधारलेली आहे. तिच्यात नाव “घालून घेण्यासाठी” तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीकडे अर्ज करून उपयोग होत नाही, कारण ती अर्जावर बनलेली यादी नाही. नाव आहे की नाही, हे आयुष्मान ॲपवर किंवा सेवा केंद्रात तपासायचे असते. असल्यास ई-केवायसी करून कार्ड घ्यायचे. कार्ड काढण्याचे शुल्क द्यावे लागत नाही, आणि कोणी दोनशे-तीनशे रुपये मागितले तर ते कार्डाचे नसून त्याच्या खिशाचे असतात.

राज्याच्या योजनेची वाट शिधापत्रिकेतून जाते. पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी पत्रिकाधारक पूर्वीपासून तिच्यात होते. पांढऱ्या पत्रिकेबाबत जुना नियम असा होता, की १४ जिल्ह्यांतील, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद व अमरावती विभाग आणि वर्धा येथील शेतकरी कुटुंबांनाच लाभ मिळे. त्यामुळे “पांढऱ्या कार्डाला काही नाही” हे वाक्य लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. सुधारित योजनेत पांढरी पत्रिका असलेली कुटुंबेही आली आहेत. तरीही काउंटरवर जुनेच उत्तर मिळाले, तर १ जुलै २०२४ या तारखेची आठवण करून द्यावी आणि आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, बोलवावे.

“प्रति कुटुंब” हे शब्द लोक वाचतात, पण हिशेबात धरत नाहीत. पाच लाख ही रक्कम सगळ्या घराची मिळून असते. आजोबांच्या हृदयशस्त्रक्रियेवर दोन लाख खर्ची पडले, तर त्या वर्षात बाकीच्या सर्वांसाठी तीन लाख उरतात. वय वंदना कार्डाचा उपयोग नेमका इथे होतो. आधीच केंद्राच्या योजनेत असलेल्या कुटुंबातील सत्तरीपुढच्या सदस्यांना पाच लाखांपर्यंतचे जास्तीचे संरक्षण स्वतंत्र मिळते आणि ते घरातील तरुणांबरोबर वाटून घ्यावे लागत नाही. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील, तर ही जास्तीची रक्कम मात्र त्या दोघांत मिळून धरावी.

नोकरदारांची वाट थोडक्यात सांगतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि नोंदणीकृत आस्थापनेत काम करणाऱ्या कामगाराच्या वेतनचिठ्ठीवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) ०.७५ टक्के कपात दिसते, मालक ३.२५ टक्के भरतो. ही कपात दिसत असेल तर ईएसआय दवाखाना हे तुमचे पहिले दार. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस आणि माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. राज्य कर्मचाऱ्यांची पद्धत प्रामुख्याने खर्चाच्या प्रतिपूर्तीची आहे, म्हणजे आधी खर्च आणि मग देयक.

*सावधान :* सत्तरीपुढील व्यक्ती सीजीएचएस किंवा ईसीएचएसमध्ये असेल, तर वय वंदना आणि ती योजना यांपैकी एकच निवडावी लागते. आजच्या औषधोपचाराचा विचार न करता केवळ नवे कार्ड मिळते म्हणून निवड बदलू नका. ईएसआय किंवा खासगी विमा असलेल्यांना मात्र ही अडचण नाही.

टप्पा ६ : रुग्णालय आणि उपचार, दोन्ही तपासा

“रुग्णालय योजनेत आहे का?” हा प्रश्न अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा : “या रुग्णालयात या विशेषज्ञ शाखेखाली हा उपचार योजनेतून होतो का?” रुग्णालये शाखेनुसार अंगीकृत केली जातात. एखादे रुग्णालय अस्थिरोगासाठी योजनेत असते आणि हृदयरोगासाठी नसते, पण बाहेरचा फलक एकच असतो. दुसरी गोष्ट, १ जुलै २०२४ च्या सुधारित योजनेत १,३५६ उपचारांचा समावेश होता आणि त्यांतील काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. राखीव उपचार खासगी अंगीकृत रुग्णालयात योजनेतून होत नाही. तिथे “तुमचे कार्ड चालत नाही” असे सांगितले जाते, तेव्हा अडचण कार्डाची नसून उपचाराच्या यादीची असते. ही यादी शासन वेळोवेळी बदलते, म्हणून शेजाऱ्याला गेल्या वर्षी काय मिळाले त्यावरून स्वतःचे ठरवू नये.

डॉक्टरांकडून निदान आणि सुचवलेला उपचार स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. “पोटाचे ऑपरेशन” एवढ्यावर कोणीही काही सांगू शकत नाही. त्यानंतर फुले योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर, अथवा प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या १४५५५ या क्रमांकावर फोन करून उपचाराचे नाव आणि रुग्णालयाचे नाव एकाच वाक्यात विचारा.

रस्ते अपघाताची वाट निराळी आहे. केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची तरतूद आहे. त्यासाठी शिधापत्रिकेचा रंग पाहिला जात नाही. अशा वेळी कागद शोधत बसू नका, ११२ क्रमांकावर फोन करा.

*पडताळणी :* फोनवर मिळालेले उत्तर, तारीख आणि वेळ वहीत टिपली का? तक्रारीच्या वेळी हीच नोंद कामाला येते.

टप्पा ७ : दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंतचा क्रम

१. रुग्णालयात शिरल्यावर नोंदणीच्या सर्वसाधारण खिडकीवर न जाता आधी आरोग्यमित्राचे टेबल गाठा. सर्वसाधारण खिडकीवर एकदा “रोख” म्हणून नोंद झाली, की ती बदलताना नाकीनऊ येतात.

२. शिधापत्रिका, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि असल्यास आयुष्मान कार्ड दाखवून योजनेत नोंदणी करून घ्या. मूळ कागद दाखवावेत, स्वाधीन करू नयेत.

३. तपासण्या झाल्यावर रुग्णालय पूर्वमान्यतेची विनंती ऑनलाइन पाठवते. नियोजित शस्त्रक्रिया पूर्वमान्यता आल्यावरच करू द्यावी. मान्यता आली की नाही, हे डॉक्टरांना नव्हे, आरोग्यमित्राला विचारावे. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. ही मुभा फक्त तातडीसाठी आहे.

४. उपचार “पॅकेज” म्हणून मंजूर होतो. खाट, शस्त्रक्रिया, भूल, औषधे, रोपणाचे साहित्य, तपासण्या आणि जेवण हे सर्व त्यातच येते. फुले योजनेत घरी परतण्याचे एका वेळचे भाडेही एसटी किंवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीच्या दराने मिळते. ते मागणारा माणूस क्वचितच भेटतो. “हे इंजेक्शन योजनेत नाही, बाहेरून आणा” असे सांगितले गेले, तर चिठ्ठीवर तसे लिहून मागा. लिहून मागितले की पुष्कळदा इंजेक्शन आतच सापडते.

५. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, पुढच्या तपासणीची तारीख आणि ठरावीक दिवसांची औषधे घ्या. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस यांचा संबंधित खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. नुसत्या बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र मिळत नाही.

*सावधान :* आधी सगळे बिल स्वतः भरून नंतर “योजनेतून परत मिळवू” हा बेत करू नका. ही योजना विनारोख आहे, प्रतिपूर्तीची नाही. बाहेर पडल्यावर शिधापत्रिका घेऊन परत गेलेल्या माणसाला काउंटरवर कोणीच मदत करू शकत नाही. समाधानपत्रावर सही करताना कोरी जागा राहू देऊ नका आणि “एकही रुपया घेतला नाही” असे छापलेले असताना पैसे दिले असतील, तर तिथे तसे लिहूनच सही करा.

टप्पा ८ : अडल्यास कोणत्या क्रमाने वर जायचे

सुरुवात त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्रापासून करावी, मग योजनेचा जिल्हा समन्वयक, त्यानंतर मदतवाहिनीवर नोंदवलेली तक्रार आणि शेवटी जिल्हा पातळीवरील तक्रार निवारण समिती. तक्रारीत योजनेचे पूर्ण नाव, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, दाखल झाल्याची तारीख आणि दिलेल्या रकमेची पावती असावी. पावती नसेल तर तक्रार लंगडी पडते. पैसे रोख मागून पावती नाकारली, तर निदान ते कोणत्या खिडकीवर आणि किती वाजता दिले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

योजनेत उपचार बसतच नसेल, तर बिगरविम्याची दारे उरतात, पण त्यांचे अर्ज वेगळे असतात. मुख्यमंत्री सहायता निधीतून मिळते ती अर्जावर मंजूर होणारी मदत. धर्मादाय रुग्णालयांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांच्या दाखल्यासारखा उत्पन्नाचा पुरावा लागतो, आयुष्मान कार्ड तिथे पुरेसे नाही. अशा रुग्णालयात आरोग्यमित्राऐवजी समाजसेवा अधीक्षकांचा विभाग कुठे आहे, असे विचारावे.